बॅटरी उतरलीय की अर्थ गेलाय? जुन्या आउटबोर्डचा सेल्फ फिरत नसेल तर आधी हे बघा

सेल्फ मारला की नुसतं टिक टिक टिक, इंजिन जागचं हलत नाही. जुनं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, वापरणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं आणि काठावरचा सल्लाही ठरलेला असतो, "बॅटरी गेली, नवीन टाक". मग पुण्याच्या नाना पेठेतून नवीन बॅटरी येते, बसते, काही दिवस मस्त चालतं आणि परत तेच टिक टिक. खूप लोकांचे पैसे असे फुकट जाताना बघितलेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तर दोन वेगळे आजार आहेत. एक म्हणजे बॅटरीतच दम नाही. दुसरा म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे पण करंट इंजिनपर्यंत पोचून परत येण्याच्या वाटेत अडतोय, म्हणजे केबल, लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) किंवा अर्थ (करंट परत येण्याची मायनसची जोडणी) खराब. आवाजावरून ओळखता येत नाही, कारण सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचला, फक्त एवढंच कळतं की सेल्फने करंट ओढायला सुरुवात केली की व्होल्टेज पडलं, मग तो सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, तो परत ओढला जातो. हीच टिक टिक. व्होल्टेज बॅटरीत पडलं की वाटेत पडलं हे त्याला काय माहीत.

इथे मोटारसायकल किंवा कारच्या सवयीने फसायला होतं. गाडीला लोखंडी बॉडी असते, अर्थ कुठेही मारला तरी चालून जातं. फायबरच्या बोटीत बॉडीचा काही उपयोग नाही, करंट परत यायला एकच रस्ता, ती इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतची काळी केबल. लाल वायर सगळे तपासतात, काळीकडे कोणी बघत नाही आणि खराब बहुतेक वेळा तीच असते.

मल्टीमीटर लावून "बारा पॉइंट सहा दाखवतोय, सगळं ओके" म्हणणं पण चूक. बॅटरी नुसती पडून असताना १२.६ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी, इथपर्यंत बरोबर आहे. पण कुजलेली केबलसुद्धा लोड नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. मीटर ओहमवर लावून केबलचा रेझिस्टन्स चेक करण्यातही उपयोग नाही, साधं मीटर ०.०२ ओहम नीट दाखवूच शकत नाही, आणि सेल्फने १०० अँपिअर ओढले की त्याच ०.०२ ओहमवर २ व्होल्ट खाल्ले जातात. सेल्फला मग उरलं काय?

म्हणून मोजायचं ते सेल्फ मारत असताना. आधी गिअर न्यूट्रलला घ्या आणि किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. प्लगच्या वायरी काढणार असाल तर त्या ब्लॉकला अर्थ करून ठेवा, लोंबकळत सोडून सेल्फ मारला तर सीडीआयवर, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर, ताण येतो. आता मीटरच्या दोन्ही पिना थेट बॅटरीच्या खांबांवर धरा, लगवर नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज १० च्या बरंच खाली गेलं तर बॅटरीत दम नाही किंवा ती चार्ज नाही. ११ च्या आसपास टिकलं आणि तरीही इंजिन फिरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका.

मग एक पिन मायनस खांबावर ठेवा, दुसरी इंजिन ब्लॉकच्या घासून चकचकीत केलेल्या जागेवर, आणि परत सेल्फ मारा. चांगल्या अर्थवर ०.२-०.३ व्होल्ट दिसतील. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की काळ्या केबलमध्येच गडबड. हेच लाल बाजूला, बॅटरीचा प्लस ते सेल्फचा स्टड (केबल जोडायचा बोल्ट). तिथेही जास्त आलं तर मध्ये मध्ये मोजत जा, सोलेनॉइडच्या दोन मोठ्या स्टडवर धरलंत की त्याचे कॉन्टॅक्ट जळलेत का तेही कळतं. दोन्ही बाजूंना ठीक आलं तर सेल्फ उघडून बघायची वेळ आली.

मीटर नसेल तर बॅटरीवरून थेट घेतलेला दिवा असला तरी काम होतं. सेल्फ मारताना दिवा पार मंद झाला तर बॅटरी, तसाच लख्ख राहिला तर वाट अडलीय. शिवाय सेल्फ मारल्यावर लगला हात लावून बघा, गरम लागला तर चोर तिथेच आहे.

पुण्याजवळ पानशेत धरणावर एका ४० हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोकची काळी केबल कापून बघितली होती, मोटर कोकणातून सेकंडहँड आलेली. वरून रबर एकदम झकास. लगपासून बोटभर आत मात्र तांब्याच्या तारा काळ्याकुट्ट, आणि लगच्या तोंडाशी हिरवी पूड, नखाने खरवडली की भुरभुर पडत होती. आपल्या धरणांचं पाणी गोडं आहे हे खरं पण किनाऱ्यावरून आलेल्या मोटरचं मीठ तारांमधून आत चढलेलं असतं, ते इथे आल्यावर निघून जात नाही.

आता नवीन बॅटरी टाकल्यावर काही दिवस बरं का चालतं? कारण बदलताना तुम्ही टर्मिनल हलवता, घासता, घट्ट करता. कॉन्टॅक्ट थोडा सुधारतो आणि श्रेय बॅटरीला जातं.

दुसरं एक कारण म्हणजे बोटीचा तोल साधायला बॅटरी पुढे सरकवतात आणि घरात पडलेल्या वायरने केबल वाढवतात. जाऊन-येऊन ६ मीटर अंतर धरलं तर २५ स्क्वेअर एमएमच्या तांब्यात १०० अँपिअरला साधारण ०.४ व्होल्ट जातात, ६ स्क्वेअर एमएममध्ये पावणेदोन. जाड केबलच घ्या, टिन्ड कॉपर (कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं) मिळाली तर उत्तमच. लग आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातात. क्रिम्पिंग चांगल्या दाबाच्या टूलने करून घ्या, पकडीने चेपलेला लग वर्षभरात परत त्रास देतो. काळी पडलेली तार पॉलिश पेपरने घासून वापरू नका, चांगलं तांबं लागेपर्यंत कापा, नाहीतर केबलच बदला.

बॅटरीच दोषी निघाली तरी लगेच भंगारात नको. पावसाळाभर शेडमध्ये पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, आधी सावकाश फुल चार्ज करा, एक रात्र तशीच ठेवा, मग दुकानात लोड टेस्ट करून घ्या. पाणी घालायची बॅटरी असेल तर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता) बघा, एकच सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर ती बॅटरी खरंच संपली.

हे दोन आजार एकमेकांना वाढवतात पण. सैल टर्मिनलवर इंजिन चालवलं की झटके बसून रेक्टिफायर (इंजिनचा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) जातो, रेक्टिफायर गेला की चार्जिंग बंद, मग चांगली बॅटरीपण उतरते. त्यामुळे केबल दुरुस्त झाल्यावर इंजिन सुरू करून, थोडी रेस देऊन बॅटरीवर व्होल्टेज बघाच, १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. १२.५ वरच अडकून राहिलं तर पुढचा मोर्चा रेक्टिफायर आणि स्टेटरकडे (इंजिनमध्ये करंट तयार करणाऱ्या कॉइलकडे) वळवा.