तापात टी३ घटला म्हणजे थायरॉइड बिघडला?

न्यूमोनियासारख्या मोठ्या आजारात तपासणी होते, अहवालात टी३ (थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक) कमी दिसतो आणि लगेच ‘जंतुसंसर्गाने थायरॉइड बिघडला, आता जन्मभर गोळी’ असं सांगितलं जातं. वर्षानुवर्षं फिरणारा हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो.

संसर्गाशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू सोडतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ हे त्यांतले प्रमुख. ते नुसते पांढऱ्या पेशींशी बोलत नाहीत, थेट मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत, म्हणजे संप्रेरकांवर ताबा ठेवणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतात. इंटरल्यूकिन-१ तिथून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींना कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढवायला लावतं, हे १९८६-८७ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं. वाढलेलं कॉर्टिसॉल उलट सायटोकाइनांनाच आवर घालतं. मला ही व्यवस्था फार विलक्षण वाटते: आग भडकवणाराच पाण्याचीही सोय करतो!

थायरॉइडचं गणित वेगळं. शरीरातला सुमारे ८० टक्के टी३ ग्रंथीत बनतच नाही. तो यकृतासारख्या अवयवांत टी४ पासून, म्हणजे ग्रंथीतून येणाऱ्या मूळ संप्रेरकापासून, तयार होतो. आजारपणात हे रूपांतर मंदावतं, टी४ निष्क्रिय ‘रिव्हर्स टी३’कडे वळतो आणि मेंदूकडून येणारा टीएसएचचा (थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा) हुकूमही मऊ पडतो. ग्रंथी मात्र धडधाकट असते.

बरं होताना टीएसएच काही काळ वाढतो, तेव्हाही घाबरू नका. साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. आधीपासून थायरॉइडची गोळी सुरू असेल, तर ती मनाने बंद करू नका.