दोन जोड्या चढवल्या म्हणजे ऊब दुप्पट होत नाही

रात्री गव्हाच्या ओलिताला जाणारे आपल्याकडं हमखास सांगतात: लोकरीचे हातमोजे एकावर एक चढवा, वरून फवारणीचे रबरी घाला, थंडी वाजणार नाही. काश्मीरात गुलमर्गला स्नोबोर्डिंग, म्हणजे पायाला फळी बांधून बर्फावरून घसरणं, शिकायला निघालेल्या पोरांनाही हाच सल्ला मिळतो. बर्फात तो बोटांवर बेतू शकतो.

ऊब धरते ती लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा. घट्ट दोन जोड्यांत ती दाबली जाते, बोटांकडचं रक्तही आखडतं. रबर बाहेरचं पाणी अडवतं हे खरं, पण घामही आतच कोंडतं. आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं. शिकाऊ स्नोबोर्डवाला तर सारखा पडतो, तळवे टेकून उठतो.

पैसे बेताचे असतील तर आत पातळ फ्लीसचे (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचे) आणि वर वाफ बाहेर सोडणारे, सैलसर जलरोधक हातमोजे घ्या. चार बोटं एकाच खोळीत राहणारे मिटन जास्त उबदार. दुकानातच मूठ वळून बघा, बोटांच्या टोकाशी थोडी जागा उरली पाहिजे. आतली जोडी मात्र दोन घ्या, ओली झाली की बदलता येते. वरचे हातमोजे चुलीपाशी वाळवू नका, जलरोधक अस्तर खराब होतं.