पोराची तालीम मौलानांकडं, मग तरबियत कुणाकडं?

कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी लाल माती डोळ्यासमोर येते. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग. आमच्या घरात पण पहिला अर्थ तोच. पण शब्द मूळचा अरबी, इल्म म्हणजे ज्ञान, त्यातनंच तालीम म्हणजे शिकवणं आणि मुअल्लिम म्हणजे शिकवणारा (आणि आपला वस्ताद म्हणजे उस्तादच की, फक्त मातीत लोळून आलेला). तर ह्या तालमीला चिकटून अजून एक शब्द येतो, तरबियत, आणि आपली माणसं दोन्ही एका दमात बोलून मोकळी होतात, 'पोराला मदरशात घातलंय, तालीम-तरबियत सगळं होतंय.' तसं होत नाही भावा. मी स्वतः दोन वर्षं ह्याच समजात होतो.

तालीम सोपी आहे समजायला. पोरगं शाळेतनं येतं, टोपी घालून अरबीला जातं, आधी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक), मग सिपारे (कुराणाचे भाग), वजू म्हणजे नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं कसं करायचं, कुठलं अक्षर घशातनं काढायचं आणि कुठलं दातातनं. सबक पाठ झाला का नाही ते मौलाना पाच मिनिटांत तपासतात.

तरबियतचं तसं नाही. त्या शब्दाच्या मुळाशी वाढवणं, पोसणं आहे. कुराणाच्या १७ व्या सूरेत आईबापासाठी दुआ आहे की ह्यांनी मला लहानपणी वाढवलं तशी तू ह्यांच्यावर रहम कर, आणि तिथं 'वाढवलं'साठी जो शब्द आलाय तो तरबियतच्याच घरातला. म्हणजे काम कुणाच्या नावावर लिहिलंय ते स्पष्ट आहे. जुन्या काळचे मोठे इस्लामी विचारवंत गझाली, त्यांनी पण हेच धरलंय, की मूल ही आईबापाकडं ठेवलेली अमानत, कोऱ्या रत्नासारखी, घडवाल तशी घडेल. (तादीब म्हणून तिसरा शब्द पण आहे, अदब लावणं, आणि मलेशियाचे विचारवंत नकीब अल-अत्तास म्हणायचे शिक्षणाला खरा शब्द तोच. तो वाद मोठा आहे, इथं नको.)

गोंधळ कुठं होतो तर शिस्तीत. आपल्याकडं पोराला सोडताना अजून म्हणतात, 'हड्डी हमारी, चमडी आपकी.' मराठी शाळेत छडी लागे छमछम होतंच, तेच इथं. आणि पुरावा म्हणून अबू दाऊद ह्या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) पुढं करतात, सातव्या वर्षी नमाजचं सांगा, दहाव्या वर्षी मारा. पण ती हदीस नीट वाचा, तिथं बोलणं चाललंय 'तुमच्या मुलां'बद्दल, म्हणजे पालकांशी, आणि मधली तीन वर्षं कुणी मोजतच नाही. तीन वर्षं, दिवसाला पाच नमाज, म्हणजे पाच हजारांवर वेळा प्रेमानं सांगून झालेलं पाहिजे! कुणाचं झालंय? आणि त्यानंतरही फिकहवाल्यांनी (म्हणजे फकीह, इस्लामी कायद्याचे जाणकार) अटी घातल्यात, तोंडावर मारायचं नाही, वळ उठेल असं मारायचं नाही. उस्तादाचा हक्क तर अजून तोकडा, तो बऱ्याच फकीहांच्या मते पालकांच्या परवानगीतनं येतो, त्याचा स्वतःचा नाही.

इब्न खल्दून ह्या अरब इतिहासकारानं १३७७ च्या मुकद्दिमा ह्या ग्रंथात ह्यावर वेगळं प्रकरणच लिहिलंय. मारून शिकवलेलं पोरगं मनानं आक्रसतं, आळशी होतं आणि मार चुकवायला खोटं बोलायला लागतं, मग तीच सवय अंगी मुरते. म्हणजे तालमीसाठी मारलं आणि तरबियत घालवली.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं ही दोन कामं वेगळी राहत नाहीत, ते म्हणजे राहून शिकायचं. गावाकडनं आलेला पैलवान तालमीतच झोपतो, तिथं डाव शिकवणारा आणि वळण लावणारा वस्ताद एकच. निवासी मदरशात हिफ्ज म्हणजे कुराण तोंडपाठ करणाऱ्या पोराचं तेच, उस्तादच बाप. शाहू महाराजांनी १९०६ साली इथं मुस्लिम बोर्डिंग काढलं, शिकणाऱ्या पोरांना राहायला-खायला नीट जागा पाहिजे म्हणून, वर्गात शिकवून भागत नाही हे त्यांना कळलेलं. पण जिथं दोन्ही अधिकार एका माणसाकडं जातात तिथं लक्ष जास्त ठेवावं लागतं, माझं मत. आठवड्याला फोन करून 'सबक कुठवर आला' एवढंच विचारणारा बाप निम्मंच विचारतोय.

माझं पोरगं तर रोज घरी येणारं, तरी मी निम्मंसुद्धा विचारत नव्हतो. एकदा मौलानांनी बोलावलं, म्हणाले सबक कच्चा आहे, सिपाऱ्याच्या आड मोबाईल धरून बसतो. मी रागानं म्हटलं, 'द्या की दोन ठेवून, माझी परवानगी हाय.' त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, 'मगरीबनंतर घरी त्याच्याजवळ कोण बसतं?' मी गप्प. मगरीबनंतर, म्हणजे संध्याकाळच्या नमाजनंतर, मी पण मोबाईलच घेऊन बसतो.

मग त्यांनी वही उघडून दाखवली. त्यात नमाजचा तक्ता असतो, रोजचे पाच रकाने, बरोबरच्या खुणा, खाली पालकांची सही. सगळ्या खुणा एकाच पेनानं, एका दमात केलेल्या. रविवारी रात्री मी अख्ख्या आठवड्याचं उरकायचो, पोरगं शेजारी उभं असायचं.

आता रोजचं रोज लिहितो, जमेल तसं. परवा मी सवयीनं पहाटेच्या फजरपासून पाचही रकान्यांत खूण केली तर पोरगं म्हणालं, 'अब्बा, फजरला मी उठलोच नव्हतो. तुम्हीबी नव्हता. तिथं फुली मारा.'