खांद्याचा पट्टा मागे बांधायचा कुठे?

इंदूरला देवास नाक्याजवळच्या एका गॅरेजमध्ये भाच्याने त्याची जुनी हॅचबॅक बघायला बोलावलं. मागची सीट काढून टाकलेली, पत्रा उघडा, ड्रायव्हरच्या जागी अंगाला घट्ट धरणारी खोलगट बकेट सीट आणि तिच्यावर लालभडक हार्नेस, म्हणजे रेसिंगमधला जखडून धरणारा पट्टा, चार टोकांचा. "मामा, एकदम पॅक बसतो. हलताच येत नाही!" मी सीटच्या मागे वाकून पाहिलं. खांद्यांवरून आलेले दोन्ही पट्टे तिरके उतरत थेट जमिनीला, मागच्या सीटच्या जुन्या बोल्टांना अडकवले होते. भोकं तयार होती, म्हणून मिस्त्रीने तिथेच लावून टाकले.

पीथमपूरला नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली, पण ती गाड्यांच्या चाचण्यांसाठी. हौशी इंदूरकराला ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायला, कोइंबतूर, चेन्नई नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावं लागतं. भाच्याची तयारी कोइंबतूरची होती.

आता जरा गणित. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाने गाडी भिंतीवर आदळली, पुढचा भाग ६० सेंटीमीटर चेपला आणि पट्ट्याच्या ताणामुळे अंगाला आणखी २० सेंटीमीटर मिळाले, तर एकूण ८० सेंटीमीटरमध्ये माणूस थांबतो. सरासरी मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, येतं गुरुत्वाच्या २५ पट. सत्तर किलोच्या माणसासाठी पट्ट्यांना साधारण पावणेदोन टन ओढ सोसावी लागते. पट्टा चार बोटं ढिला असेल, तर गाडी थांबायला लागलेली असते आणि माणूस मात्र अजून ७२ नेच चाललेला असतो. तेवढं अंतर फुकट जातं आणि उरलेल्या अंतरात सगळा वेग मारावा लागतो. रेसिंगमध्ये पट्टे अंगात रुतेपर्यंत आवळतात ते यासाठी.

नीट बांधलेलं शरीर किती सोसू शकतं, हे अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःवरच तपासलं. डिसेंबर १९५४ मध्ये ते रॉकेटच्या गाड्यावर ताशी हजार किलोमीटरच्या वर गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. कमाल मंदन गुरुत्वाच्या ४६ पट. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेना, पण माणूस जगला आणि पुढे ८९ वर्षांचा होऊन गेला.

मात्र ही ओढ हाडांवर यायला हवी, आणि तीही योग्य हाडांवर. कमरेच्या हाडाची पुढची दोन टोकं आणि खांदे-छातीचा पिंजरा भार घेऊ शकतात. पोटात हाड नाही, यकृत, प्लीहा आणि आतडी आहेत. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन टोकांचा पट्टा दिला, त्याचं सगळं मर्म हेच होतं.

चार टोकांचा हार्नेस नेमका इथे फसतो. धडकेत खांद्याचे पट्टे ताणले की ते मधलं बकल वर ओढतात, कमरेचा पट्टा हाडावरून निसटून पोटावर चढतो आणि खालचं धड त्याच्याखालून पुढे सरकतं. पाचव्या-सहाव्या टोकाचे, मांड्यांमधून जाणारे पट्टे बकल खाली धरून ठेवतात. भाच्याला म्हटलं, "अरे, याला कासोटाच नाही!" आजोबांना धोतर नेसताना त्याने पाहिलंय, त्यामुळे वेगळं समजवावं लागलं नाही.

मागच्या बोल्टांचा प्रश्न त्याहून वाईट. रहाटावरून दोर खाली ओढला की भार रहाटाच्या कण्यावर येतो. इथे रहाट म्हणजे खांदा, आणि त्याच्याखाली पाठीचा कणा. पट्टा मागे ४५ अंशांत उतरत असेल, तर त्याच्या ताणाचा सुमारे ७० टक्के भाग खांदा सरळ खाली दाबतो. पाचशे किलोचा ताण धरला तर प्रत्येक खांद्यावर साडेतीनशे. मणके चेपायला एवढं पुष्कळ झालं. मोटार रेसिंगची जागतिक संस्था एफआयए, तिच्या नियमात ४५ अंश ही कमाल मर्यादा आहे. सल्ला मात्र दहाच्या आत राहण्याचा. शिवाय पट्टा जितका लांब, तितका जास्त ताणला जातो, आणि डोकं तेवढं स्टीअरिंगकडे जातं.

म्हणून सीटच्या मागे, खांद्याच्या उंचीला आडवी नळी हवी. ती रोल बारची, म्हणजे गाडी उलटली तर छत तोलून धरणाऱ्या पोलादी कमानीची असते. छत चेपलं तर साध्या पट्ट्यातला माणूस बाजूला कलंडू शकतो. हार्नेसमधला ताठच राहतो, आणि छत डोक्यावर येतं. तेव्हा रोल बार नसलेल्या गाडीत हार्नेस घालणं मला तरी अर्धवट शहाणपणाचं वाटतं. जमिनीच्या पत्र्याची जाडी एक मिलिमीटरही नसते. नुसत्या वॉशरवर कसलेला बोल्ट तो फाडून बाहेर येईल. नियम निदान तीन मिलिमीटर जाड, ४० चौरस सेंटीमीटरची पोलादी पट्टी मागतो.

धड इतकं पक्कं धरल्यावर सुटं राहतं ते डोकं. हेल्मेटसह सहा किलो, गुरुत्वाच्या २५ पटीला दीडशे किलो, आणि धरायला फक्त मान. २००१ मध्ये अमेरिकी रेसर डेल अर्नहार्ट डेटोनाच्या शर्यतीत दगावले ते कवटीचा तळ फुटून. हेल्मेटला खांद्यांशी जोडणारं हान्स उपकरण रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी ऐंशीच्या दशकातच बनवलं होतं. ड्रायव्हर अवघडल्यासारखं होतं म्हणून टाळत. फॉर्म्युला वनने ते २००३ पासून सक्तीचं केलं.

पट्ट्याला मुदतही असते. एफआयएच्या लेबलवर ती छापलेली असते, कारण उन्हाने धागा कमजोर होतो. आणि एका मोठ्या धडकेत तो ताणला गेला की दिसायला ठीक असला तरी बाद.

रस्त्यावर चालवताना कंपनीचा मूळ पट्टाच वापरायचा, हे मी भाच्याला दोनदा सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही, हेही सांगितलं, तेव्हा त्याने मान डोलावली आणि विषय बदलला.

महिन्याभराने पुन्हा गेलो. रोल बार बसला होता, हार्नेस सहा टोकांचा होता, मिस्त्री कोनमापक लावून बसला होता. भाचा आत बसला, आधी कमरेचे पट्टे आवळले, मग खांद्याचे. हात पुढे केला तर बोटं डॅशबोर्डवरच्या बटणापर्यंत पोचेनात. सीट दोन खाचा पुढे घ्यावी लागली, आणि कोन पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.