प्रभाविता (आनुवंशिकी)

एकाच जनुकाची दोन वेगळी रूपे एका पेशीत एकत्र आली, तर त्यांपैकी कोणत्याचा परिणाम दिसेल हे सांगणाऱ्या नात्याला प्रभाविता म्हणतात. जनुकाच्या अशा पर्यायी रूपांना युग्मविकल्पी किंवा नुसते विकल्पी असे नाव आहे. माणसाच्या शरीरपेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आणि दुसरे वडिलांकडून आलेले असल्याने बहुतेक जनुकांच्या दोन प्रती पेशीत असतात. दोन्ही प्रती सारख्या असतील तर ती व्यक्ती त्या जनुकापुरती समयुग्मजी आणि वेगळ्या असतील तर विषमयुग्मजी. प्रभावितेचा प्रश्न विषमयुग्मजी व्यक्तीपुरताच येतो. तिच्यात ज्याचा परिणाम दिसतो तो विकल्पी प्रभावी, ज्याचा झाकला जातो तो अप्रभावी.

शालेय पाठात प्रभावी आणि अप्रभावी हे विकल्पींचे कायमचे स्वभाव असल्यासारखे शिकवले जातात, आणि पुढचे बरेच गैरसमज तिथून सुरू होतात. एकच विकल्पी एका पातळीवर अप्रभावी आणि दुसऱ्या पातळीवर प्रभावी ठरू शकतो. आपण आजार पाहतो आहोत, पेशी पाहतो आहोत की प्रथिन, त्यावर उत्तर बदलते.

ही कल्पना ग्रेगोर मेंडेलची. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठात त्याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६६ मध्ये ते प्रसिद्ध केले. गोल बियांच्या आणि सुरकुतलेल्या बियांच्या शुद्ध वाणांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळ्या बिया गोल निघाल्या. त्या झाडांच्या स्वपरागणातून पुढच्या पिढीत मिळालेल्या ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या होत्या. सुरकुती नाहीशी झालेली नव्हती. एक पिढी ती दिसली नव्हती, इतकेच.

ती का दिसली नाही, याचा रेणूंच्या पातळीवरचा खुलासा १९९० मध्ये झाला. सुरकुतलेल्या वाणात स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात सुमारे ८०० बेसजोड्यांचा परका तुकडा घुसलेला असतो. विकर तयार होत नाही, स्टार्च कमी बनते आणि साखर साठून राहते. साखरेमुळे कोवळा दाणा जास्त पाणी ओढून फुगतो आणि वाळताना तेवढाच आकसतो. आर्केलसारख्या भाजीच्या वाटाण्याचे बियाणे सुरकुतलेले असते आणि हिरवा दाणा गोड लागतो, त्यामागे हेच कारण आहे. संकरित बीमध्ये एक प्रत धड असते. तिच्यापासून होणारे विकर बी गोल ठेवायला पुरते. मात्र तेच बी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर स्टार्चचे कण दोन्ही मूळ वाणांच्या मधले दिसतात. म्हणजे बियांच्या आकाराच्या बाबतीत प्रभाविता पूर्ण आहे, तर स्टार्चच्या कणांच्या बाबतीत अपूर्ण.

अनेक आनुवंशिक विकार अप्रभावी का असतात, हेही यातून कळते. पेशीतली रासायनिक क्रिया अनेक विकरांच्या साखळीने चालते. एका विकराचे प्रमाण निम्म्यावर आले तरी साखळीचा एकूण वेग सहसा फारसा घटत नाही. कॅक्सर आणि बर्न्स यांनी १९८१ मध्ये हे गणिताने मांडले. जिथे बिघडलेले प्रथिन स्वतःच अपाय करते, तिथे मात्र दुसरी प्रत चांगली असून उपयोग होत नाही. हंटिंग्टनच्या आजारात एकाच प्रतीतला दोष पुरेसा ठरतो, कारण तिच्यापासून बनणारे प्रथिन चेतापेशींना घातक असते.

या साऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण सिकलसेलचे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट, पालघर या भागांत हा आजार आहे. मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयी शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये लिहिले. दोष अगदी लहान आहे. ११व्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकात एका जागी ‘ए’ऐवजी ‘टी’ हा बेस येतो आणि प्रथिनसाखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. असे हिमोग्लोबिन (‘एस’) ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. सामान्य लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत फुटते.

दोन्ही प्रती ‘एस’ असतील तर हा आजार होतो. एक प्रत ‘ए’, म्हणजे सामान्य हिमोग्लोबिनची, असलेला वाहक, म्हणजेच ‘एएस’, सहसा निरोगी आयुष्य जगतो. त्यामुळे दवाखान्याच्या नजरेने ‘एस’ अप्रभावी. आता प्राथमिक आरोग्य केंद्रातली सोल्युबिलिटी चाचणी पाहा. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब रसायनाच्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा असलेला कागद धरतात. ‘एस’ असेल तर द्रावण गढूळ होते व रेघा दिसेनाशा होतात. ‘एएस’ आणि ‘एसएस’ दोघांच्याही नळ्या गढूळच होतात, म्हणजे या चाचणीपुरता ‘एस’ प्रभावी! म्हणूनच गढूळ नळी पाहून कोणाला रुग्ण ठरवता येत नाही. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी करावीच लागते. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर विजेच्या प्रवाहाने ‘ए’ हिमोग्लोबिन पुढे सरकते आणि ‘एस’ मागे राहते. निरोगी माणसाचा ‘ए’चा एक पट्टा, रुग्णाचा मुख्य पट्टा ‘एस’चा, वाहकाचे मात्र दोन ठळक पट्टे. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रथिने शेजारी-शेजारी असतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवले. प्रथिनांच्या पातळीवर हे नाते सहप्रभावितेचे, म्हणजे दोन्ही विकल्पींचा परिणाम एकत्र दिसण्याचे आहे.

त्यातच हिवतापाची भर. फाल्सिपेरम या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या गंभीर रूपापासून वाहकाला संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून मांडले. हिवतापाच्या प्रदेशात ‘एएस’ माणूस ‘एए’ आणि ‘एसएस’ या दोघांहून सरस ठरतो, आणि त्यामुळेच इतका घातक विकल्पी पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

प्रभावी विकल्पी लोकसंख्येत आपोआप वाढत जातो, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. आनुवंशिकीतज्ञ पनेट यांच्या विचारण्यावरून गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९०८ मध्ये तिचे खंडन केले: निवडीचा दबाव वगैरे नसेल, तर विकल्पींचे प्रमाण पिढ्यांमागून पिढ्या तेच राहते. ओ हा रक्तगट ए आणि बी यांच्यापुढे अप्रभावी असूनही किती सर्रास आढळतो ते पाहावे. ए आणि बी मात्र परस्परांशी सहप्रभावी असतात, म्हणून एबी गट असतो.

मुंबईत सापडलेला ‘बॉम्बे’ रक्तगट मात्र प्रभावितेच्या व्याख्येत बसत नाही. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेल्या या गटाच्या माणसात ए किंवा बीचे जनुक धड असू शकते, पण ज्या ‘एच’ पदार्थावर ते काम करते तोच नसतो. इथे एका जागेवरच्या जनुकाने दुसऱ्या जागेवरच्याला झाकले आहे, आणि प्रभाविता एकाच जागेवरच्या दोन विकल्पींमधली असते.

पुन्हा सिकलसेलकडे वळू. वाहक जोडप्याच्या प्रत्येक गर्भधारणेत बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब करू नये. प्रत्येक बीजांड आणि शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची जोडी नव्याने फुटते. आधीच्या बाळंतपणाचा त्याच्याशी संबंध नसतो. ‘एसएस’ बाळातही पहिले काही महिने सहसा लक्षणे दिसत नाहीत, कारण तेव्हा गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन काम करत असते आणि ते ‘एस’चे तंतू बनू देत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिलेला क्रिस्पर (जनुकात नेमका बदल करण्याचे तंत्र) उपचार याच गोष्टीवर उभा आहे. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशींत बीसीएल११ए या दुसऱ्याच जनुकाचा लाल पेशींपुरता अंमल थांबवला, की गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. बीटा-ग्लोबिनच्या दोन्ही प्रती ‘एस’च राहतात आणि प्रत्येक अपत्याला त्यांतली एक जाते, उपचार यशस्वी झालेल्या रुग्णाचे स्वतःचे रक्त मात्र वाहिन्यांत अडकण्याचे थांबते.