कणवाचक शब्द, इंग्रजीतील

वस्तूच्या अगदी लहान अंशासाठी इंग्रजीत रूढ असलेले शब्द. क्रम्ब, बिट, मॉर्सेल, स्लिव्हर, स्क्रॅप, मोट, जॉट हे त्यांतील नेहमीचे. त्यांच्यातील भेद आकारमानाचा क्वचितच असतो. तुकडा कसा सुटला, यावर तो बहुधा ठरतो. दातांनी तोडला तो मुळात ‘बिट’. ‘मॉर्सेल’च्या मुळाशीही चावणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. चिरफाळून निघाला तो ‘स्लिव्हर’, तर ‘स्क्रॅप’चे नाते खरवडण्याशी. मराठीतील ढलपी, कपची, चुरा, भुगा यांचीही हीच तऱ्हा.

‘क्रम्ब’मधील ‘ब’ वादाचा विषय आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्रुमा’, जर्मनमध्ये ‘क्रूमे’. दोन्हींत ‘ब’ नाही. इंग्रजी लेखनात तो साधारण सोळाव्या शतकात शिरलेला दिसतो. ‘डम्ब’सारख्या शब्दांत ‘ब’ मुळातला होता, पण उच्चारातून गेला होता. त्यांच्या अनुकरणाने तो येथे लिहिला गेला, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार तो ‘क्रम्बल’ या क्रियापदातून आला. ‘म’वरून ‘ल’कडे जाताना ओठ उघडताच ‘ब’ आपोआप उमटतो. ‘थिम्बल’ हे त्याचेच उदाहरण. अर्थाची जवळीक पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र दोन्ही कारणे एकत्र घडली असणे अशक्य नाही. आजच्या उच्चारात हा ‘ब’ नाही. तरी देवनागरीत तो ठेवलेला बरा, नाहीतर ‘क्रम’ वाचून वाचक अनुक्रम शोधू लागेल.

याच शब्दाने पावाच्या आतला मऊ भागही दाखवतात. गोव्यात पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) ताजा उंडो हा पाव मोडला, की कडक सालीचा चुरा ताटात सांडतो आणि मऊ गर बोटांत राहतो. पोर्तुगीजमध्ये सांडलेल्या कणाला ‘मिगाल्या’ आणि गराला ‘मियोलु’ असे वेगळे शब्द आहेत. इंग्रजी दोन्हींना ‘क्रम्ब’च म्हणते.

‘जॉट’ व ‘आयोटा’ हे एकाच ग्रीक अक्षराच्या नावावरून आले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील (५:१८) ‘जॉट’ 1611 च्या इंग्रजी भाषांतरामुळे घरोघरी पोचला. त्याच शुभवर्तमानातील (७:३) ‘मोट’ला मराठी बायबलात ‘कुसळ’ म्हटले आहे. त्याच्या जोडीचे ‘मुसळ’ मराठी म्हणीतही आहे. ‘स्मिदरीन्स’चा (बारीक ठिकऱ्या) शेवट आयरिश लघुत्वदर्शक प्रत्ययाचा आहे, शब्द आयरिशमधून इंग्रजीत आला की उलट, याबद्दल एकमत नाही.

गोव्याच्या खाणपट्ट्यात, विशेषतः डिचोली, सत्तरी व सांगे तालुक्यांत, ‘फाइन्स’ हा शब्द इंग्रजी न शिकलेल्यांच्याही तोंडी असतो. सर्वसाधारणपणे 10 मिलिमीटरहून बारीक लोहखनिज म्हणजे फाइन्स. त्याहून मोठे ते ‘लम्प’. येथे मात्र भेद केवळ आकारमानाचा, चाळणीने ठरणारा.