हळद रक्तात पोचत नाही, तेच बरं

घरात कुणाला संधिवात किंवा सोरायसिस निघाला की आठवड्याभरात कुणीतरी सांगतंच: ‘रोज हळदीचं दूध घ्या, सूज उतरते.’ सल्ला देणारा अगदीच चुकीचा नसतो. पण तो ज्या सूजेबद्दल बोलतो, तिथवर हळद पोचतच नाही.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा. 1815 साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. आपल्या पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन असतं. ते जागं झालं की दाह भडकवणारी जनुकं कामाला लागतात, आणि प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत ते निजायचं नावच घेत नाही. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन घातलं की ते शांत होतं. (बशीतले निकाल मी जपूनच घेतो. कर्क्युमिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, शिवाय स्वतः चमकतं, त्यामुळे चाचणीच फसते.)

माणसाच्या पोटात गोष्ट वेगळी. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. जे थोडं शोषलं जातं, त्याचं आतड्याचं अस्तर आणि यकृत रूप पालटून टाकतात. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत जाणार काय, तर नावापुरतं.

मग आजारच आतड्यात असेल तर? अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात, रक्ताचे जुलाब होतात. इथे रक्तात न शिरणं हा दोष राहत नाही, कारण औषध थेट जखमेवरून जातं. 2006 मध्ये जपानी डॉक्टरांनी आजार आटोक्यात असलेल्या 89 रुग्णांवर चाचणी केली. नेहमीच्या औषधांसोबत काहींना रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन, बाकीच्यांना नकली गोळी. सहा महिन्यांत कर्क्युमिन घेणाऱ्या 43 पैकी 2 जणांचा आजार उलटला. नकली गोळीवाल्या 39 पैकी 8 जणांचा. 2015 च्या दुसऱ्या चाचणीत आजार चालू असलेले 50 रुग्ण होते. महिनाभर रोज 3 ग्रॅम घेतल्यावर 26 पैकी 14 जणांची लक्षणं शमली, नकली गोळीवर 24 पैकी एकाचीही नाही. चाचण्या लहान आहेत, आणि दोन्हींत नेहमीचं औषध चालूच होतं, हे विसरू नका.

आता दुधाचा हिशेब. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत जेमतेम 90 मिलिग्रॅम. 2 ग्रॅमसाठी रोज वीसहून जास्त चमचे लागतील. आमटी काय, हळदी समारंभालाही पुरेल!

म्हणून गोळ्या आल्या. आणि त्या रक्तात उतराव्यात म्हणून त्यांत मिऱ्यातलं पायपेरीन आलं, जे कर्क्युमिनचं रूप पालटणाऱ्या यंत्रणेलाच अडवतं. बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपेरीन दिलं तर रक्तातलं प्रमाण जवळपास वीसपट होतं. बाटल्यांवर हा आकडा अभिमानाने छापतात.

यकृताचे डॉक्टर त्याच बाटल्यांकडे वेगळ्या नजरेने बघतात. अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या 10 जणांची नोंद तपासली गेली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. तपासलेल्या 7 उत्पादनांपैकी तिघांत पायपेरीन होतं. आणि दहापैकी सात रुग्णांत एचएलए जनुकाचा एकच विशिष्ट प्रकार सापडला. ही जनुकं म्हणजे प्रतिकारशक्तीची आपलं-परकं ओळखण्याची खूण. त्यामुळे संशय असा की यकृतावरचा हा हल्लाही प्रतिकारशक्तीनेच केला होता.